शिक्षा : घ्यायची की भोगायची?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपती ही विद्येची देवता. तिच्यासमोर उभे राहून बोलायचे तर विद्येविषयीच बोलावे, या विचाराने आम्ही आज एक शब्द निवडला आहे. शब्द संस्कृत आहे, पण तो समजायला संस्कृत यावे लागत नाही. इंदुरात राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या कानावर तो रोज पडतो. घराबाहेर एका अर्थाने आणि घरात अगदी दुसऱ्याच अर्थाने. तो शब्द म्हणजे 'शिक्षा'.

आपल्या मुलांच्या शाळेचे वेळापत्रक पाहा. आठवड्यातून दोन-तीनदा त्यात 'शारीरिक शिक्षा' असा तास असतो. मुले त्या तासाची वाट पाहतात, कारण तो खेळाचा तास. हेच वेळापत्रक सुटीत पुण्याहून आलेल्या आत्याच्या हाती पडले तर ती कपाळाला हात लावील. मुलांना मारायला शाळेने तास नेमून दिला आहे, असाच तिचा समज होणार! मराठीत खेळाच्या तासाला 'शारीरिक शिक्षण' म्हणतात आणि 'शारीरिक शिक्षा' म्हणजे छडी, कान पिरगळणे, अंगठे धरून उभे करणे. लग्नासाठी स्थळांची देवाणघेवाण होते तेव्हाही हाच घोटाळा. हिंदी परिचयपत्रात नाव, जन्मतिथी, ऊंचाई यांच्याखाली 'शिक्षा' असा रकाना असतो. महाराष्ट्रातल्या मुलीच्या वडिलांनी तो पहिल्यांदा वाचला की क्षणभर तरी त्यांच्या मनात येते, मुलगा कुठे आत जाऊन आला की काय?

हसण्यावारी नेण्यासारखीच ही गोष्ट आहे. पण थोडे खोलात गेले की ती हसण्यावर संपत नाही, म्हणून आज तासभर तिच्यामागे जाऊ.

एकाच शब्दाला दोन भाषांत कोणती क्रियापदे जोडली जातात, ते आधी पाहू. हिंदीत शिक्षा देतात, लेते हैं, पाते हैं, ग्रहण करते हैं. मराठीत शिक्षा होते, करतात, ठोठावतात, सुनावतात, भोगतात, आणि नशीब असेल तर माफ होते. हिंदीत 'शिक्षा पूरी हुई' म्हणजे पदवी हातात आली. मराठीत 'शिक्षा पूर्ण झाली' म्हणजे तुरुंगाचे दार उघडले. भोपाळला आहे ते 'माध्यमिक शिक्षा मंडल' आणि पुण्याला आहे ते 'शिक्षण मंडळ'. मराठी माणूस आपल्या मंडळाला 'शिक्षा मंडळ' म्हणू देणार नाही. 'सर्व शिक्षा अभियान' सुरू झाले तेव्हा महाराष्ट्रात शाळांच्या भिंतींवर तीच अक्षरे रंगवली गेली, आणि सगळ्यांना शिक्षा करण्याची ही कसली मोहीम, असा विनोद गावोगावी झाला. पुढे आलेल्या 'समग्र शिक्षा' योजनेला कर्नाटकाने आपल्या पाटीवर 'समग्र शिक्षण' करून घेतले. आम्हाला वाटते, कर्नाटकाने शहाणपणा केला.

कर्नाटकाला तसे करावेसे वाटले, याचे कारण उघड आहे. कन्नडमध्येही 'शिक्षे' म्हणजे दंड. जन्मठेपेला तिथे 'जीवावधि शिक्षे' म्हणतात. बेळगावकडचे पाहुणे आज इथे आहेत, ते मान हलवत आहेत. हैदराबादला गेलात तर तेलुगूत 'उरिशिक्ष' म्हणजे फाशी. केरळात 'वधशिक्ष' म्हणजे देहांताची शिक्षा. आपल्या पश्चिमेला गुजरातीत 'शिक्षा करवी' म्हणजे दंड करणे. आता उलट्या दिशेला चला. हिंदी, बंगाली, ओडिया, असमिया, नेपाळी या सगळ्या भाषांत शिक्षा म्हणजे अध्ययन, विद्याभ्यास. म्हणजे भारताच्या नकाशावर या एका शब्दाने एक रेघ ओढली आहे. रेघेच्या वर शिक्षा घेतात, खाली भोगतात. इंदूर नेमके त्या रेघेवर वसले आहे. आपण मराठी माणसे सकाळी उंबरठा ओलांडतो तेव्हा ती रेघ ओलांडतो, आणि संध्याकाळी पुन्हा ओलांडून घरात येतो.

ही फाळणी आपल्या देशापुरतीही नाही. हा शब्द जहाजात बसून पूर्वेकडे गेला आणि तिथेही दुभंगला. थायलंडमध्ये 'सुक्सा' म्हणजे अभ्यास. तिथल्या शिक्षणखात्याच्या नावातच हा शब्द आहे. इंडोनेशियात मात्र 'सिक्सा' म्हणजे यातना, छळ. एकाच आईची दोन मुले, एक शाळेत मास्तर झाला आणि दुसरा तुरुंगात जमादार.

मग आई कशी होती? मूळ अर्थ कोणता?

पाणिनीय परंपरेत 'शिक्ष्' हा स्वतंत्र धातू आहे. विद्या ग्रहण करणे असा त्याचा अर्थ धातुपाठ देतो. पण याच्या आत आणखी एक धातू दडलेला आहे, असे आधुनिक भाषाशास्त्रज्ञ सांगतात. तो धातू 'शक्', म्हणजे शकणे, समर्थ असणे. शक्ती, शक्य, सशक्त हे त्याचेच गोत. संस्कृतात 'करण्याची इच्छा' दाखवणारे एक रूप असते. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची इच्छा ती पिपासा. तसे 'शक्' धातूचे इच्छादर्शक रूप म्हणजे 'शिक्ष्'. म्हणजे शिक्षा या शब्दाचा गाभा काय? 'मला हे करता यावे' अशी इच्छा. सायकल चालवणाऱ्या थोरल्या भावाकडे धाकटा ज्या नजरेने पाहतो, ती शिक्षा. त्यात गुरू अजून आलेला नाही, पुस्तक आलेले नाही, छडी तर फारच लांब.

या अर्थाचा सर्वांत सुंदर पुरावा ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात आहे. तिथे एकशे तिसरे सूक्त बेडकांवर आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे गप्प पडलेले बेडूक पहिल्या पावसाबरोबर बोलू लागतात. एकाने डराव केले की दुसरा तेच म्हणतो, तिसरा पुन्हा तेच. कवीला वाटते, गुरूमागून विद्यार्थी पाठ म्हणत आहेत. इथे गुरूसाठी त्याने शब्द वापरला आहे 'शाक्त', आणि विद्यार्थ्यासाठी 'शिक्षमाण'. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की 'शक्' आणि 'शिक्ष्' यांचे नाते उघड होते. ज्याला येते तो शाक्त, ज्याला यावेसे वाटते तो शिक्षमाण. दोघांत फरक आहे तो एवढाच, उच्चनीचतेचा नाही. आणि दोघेही बेडूक! हे सूक्त थट्टेचे की पर्जन्याच्या प्रार्थनेचे, यावर विद्वानांत वाद आहेत. आम्हाला वाटते, ज्या कवीला बेडकांत पाठशाळा ऐकू आली तो मनाने मोकळा असणार.

ऋग्वेदातच या धातूचा आणखी एक वापर आहे. इंद्राला उद्देशून ऋषी तो वापरतात तेव्हा बऱ्याच ठिकाणी अर्थ होतो 'दे, साहाय्य कर'. वैदिक शब्दांचा जुना संग्रह जो निघंटु, त्यातही देण्याच्या क्रियापदांत 'शिक्षति' आले आहे. समर्थ होऊ इच्छिणे आणि दुसऱ्याला समर्थ करणे, दोन्ही एकाच शब्दात. दंडाचा मागमूस अजून नाही.

यानंतर शब्दाला एक शास्त्रीय अर्थ आला. वेदांची सहा अंगे सांगतात : शिक्षा, कल्प, व्याकरण, निरुक्त, छंद आणि ज्योतिष. यांत पहिली शिक्षा, आणि ती म्हणजे उच्चारशास्त्र. कोणता वर्ण तोंडात कुठे उमटतो, जीभ कुठे लागते, श्वास किती सोडायचा, याचा असा बारीक अभ्यास त्या काळी जगात दुसरीकडे कुठे झाला नव्हता. तैत्तिरीय उपनिषदाचा पहिला अध्याय शिक्षावल्ली. तिथे हा शब्द दीर्घ ईकाराने 'शीक्षा' असा येतो आणि तिचे सहा विषय सांगितले आहेत : वर्ण, स्वर, मात्रा, बल, साम आणि संतान.

हे आपल्याला परके वाटेल, पण या दहा दिवसांत आपण सगळे ही शिक्षा रोज म्हणतो. गणपती अथर्वशीर्ष आठवा. त्यात 'गं' या बीजाक्षराची फोड येते. आधी गकार, मध्ये अकार, शेवटी अनुस्वार. मग पूर्वरूप, उत्तररूप, संधान, संधी असे शब्द येतात. पाठ असलेल्यांपैकी पुष्कळांना तो भाग म्हणजे गूढ मंत्रविद्या वाटते. पूर्वरूप, उत्तररूप, संधी आणि संधान हे चारही शब्द शिक्षावल्लीच्या तिसऱ्या अनुवाकात आहेत आणि तिथे ते दोन वर्ण एकमेकांना कसे जोडले जातात ते सांगतात. म्हणजे अथर्वशीर्ष म्हणताना आपण गणपतीला त्याच्या नावाचा उच्चार उलगडून सांगत असतो. आमच्या मते मुलांना अथर्वशीर्ष शिकवताना हा भाग घाईने उरकू नये. गकार घशाजवळ उमटतो, अनुस्वार नाकात घुमतो, एवढे त्यांच्याकडून करून घेतले तरी त्यांना मजा वाटते.

उच्चारशास्त्राचा एक छोटा ग्रंथ 'पाणिनीय शिक्षा' या नावाने प्रसिद्ध आहे. साठेक श्लोकांचा. वर्ण त्रेसष्ट किंवा चौसष्ट, असे तो सुरुवातीला सांगतो. वाईट पाठकांचे सहा प्रकारही त्यात आहेत : गाण्यासारखे आळवणारा, भरधाव म्हणणारा, डोके हलवणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न कळता म्हणणारा आणि आवाज न फुटणारा. हे ऐकल्यावर टाचण समोर ठेवून बोलणाऱ्या व्याख्यात्यांनी काय करावे, हे आम्ही आपल्यावर सोपवतो.

त्याच ग्रंथात उच्चार कसा करावा याला एक उपमा दिली आहे. वाघीण आपली पिल्ले दातांत धरून नेते. पिल्लू खाली पडणार नाही इतके घट्ट धरते आणि त्याला दात लागणार नाहीत इतके हळू. वर्ण असे उच्चारावेत. ही उपमा लक्षात ठेवा. आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

आता एक भयकथा. त्वष्ट्याच्या मुलाला इंद्राने मारले. त्वष्ट्याने सूड घेण्यासाठी यज्ञ मांडला आणि इंद्राला मारणारा पुत्र मागितला. मंत्रात शब्द होता 'इंद्रशत्रु'. स्वराचा आघात शेवटी दिला तर अर्थ होतो 'इंद्राचा शत्रू, त्याला मारणारा'. आघात सुरुवातीला दिला तर अर्थ होतो 'इंद्र ज्याचा मारेकरी आहे तो'. आघात चुकला, वृत्र जन्माला आला आणि इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी ही गोष्ट व्याकरण का शिकावे याचे उदाहरण म्हणून घेतली, आणि पाणिनीय शिक्षेतही ती आहे : चुकीच्या स्वराने म्हटलेला मंत्र वज्र होऊन यजमानावरच पडतो. आमच्या पाहण्यात शिक्षा आणि शिक्षा, म्हणजे हिंदी शिक्षा आणि मराठी शिक्षा, एकत्र भेटतात त्या इथे. उच्चार शिकवणारे शास्त्रच सांगते की उच्चार चुकलात तर मराल.

तरीसुद्धा शिकवणे आणि दंड करणे यांची गाठ बसली ती मुख्यतः दुसऱ्या एका धातूमुळे, असे आम्हाला वाटते. तो धातू 'शास्'. शास्त्र, शासन, अनुशासन हे त्याचे शब्द. 'शिष्य' हाही त्याचाच. शिक्षा आणि शिष्य यांचा उच्चार जवळचा असल्याने ते एकाच मुळाचे वाटतात, पण तसे नाही. 'शिक्ष्' मध्ये शिकणाऱ्याची इच्छा आहे, 'शास्' मध्ये शिकवणाऱ्याची सत्ता. सांगणे, वळण लावणे, राज्य करणे, दंड देणे, सगळे 'शास्' मध्ये येते. आपण आजही सरकारला शासन म्हणतो आणि गुन्हेगाराला शासन व्हावे असेही म्हणतो. शतकानुशतके शिक्षा आणि शासन हे शब्द एकाच ओसरीवर नांदले, आणि शिक्षेला शासनाचा वाण लागला. मराठीत 'धडा शिकवणे' म्हणजे काय ते सांगायला नको. हिंदीतले 'सबक सिखाना' तेच. बंगालीत शिक्षा म्हणजे विद्याभ्यास खरा, पण 'उचित शिक्षा देणे' म्हणजे चांगली खोड मोडणे. रेघेच्या वरच्या बाजूलाही बी पडलेलेच होते, फक्त तिथे त्याचे झाड झाले नाही.

पण त्या 'शास्' चीही बाजू ऐकून घेऊ. गौतम धर्मसूत्र हे फार जुन्या धर्मसूत्रांपैकी एक. शिष्याला कसे वळण लावावे याबद्दल त्यात तीन लहान सूत्रे आहेत. पहिले सांगते की शिष्याला न मारता शिकवावे. दुसरे म्हणते, ते जमत नसेल तर बारीक दोरीने किंवा वेळूच्या पातळ कांबीने. तिसरे म्हणते, याखेरीज दुसऱ्या कशाने मारणाऱ्या गुरूला राजाने शासन करावे. दोन-सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा नियम! आणि 'जमत नसेल तर' याला सूत्रकाराने शब्द कोणता वापरला आहे? 'अशक्तौ'. पुन्हा आपला तोच 'शक्' धातू, नकार लावून. शिक्षा म्हणजे समर्थ होण्याची इच्छा, आणि कांब हातात घ्यावी लागते ती असमर्थता. असमर्थता कुणाची? सूत्राचा रोख गुरूकडे आहे. विद्यार्थ्याला येत नाही म्हणून छडी नव्हे. गुरूला न मारता शिकवता येत नाही म्हणून छडी.

आपल्या संसदेने २००९ साली मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलाला मारणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी केली. गौतमाची दोरी आणि कांबही गेली, हे बरे झाले. मानसिक छळ हा शब्द कायद्यात आला, ते आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते.

कालिदासाकडे जाऊन येऊ, कारण तो आपल्या शेजारचा. 'मालविकाग्निमित्र' घडते ते आपल्या मध्यप्रदेशातल्या विदिशेत, राजा अग्निमित्राच्या दरबारी. दोन नृत्याचार्य, गणदास आणि हरदत्त, कोण श्रेष्ठ यावरून भांडत राजाकडे येतात. निवाडा करायला बसलेली परिव्राजिका म्हणते की काहींची विद्या त्यांच्या स्वतःच्या अंगी शोभते, काहींचे कौशल्य ती दुसऱ्यात उतरवण्यात असते. ज्याच्याकडे दोन्ही आहे त्याला शिक्षकांत पहिला मान द्यावा. 'शिक्षक' हा शब्द तिथे असा येतो. आणि आचार्यांची परीक्षा घेतात कशी? त्यांना नाचायला सांगत नाहीत. त्यांच्या शिष्येला नाचायला सांगतात.

आणखी एका अर्थाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पालीत शिक्षेचे 'सिक्खा' झाले. बौद्ध उपासक पंचशील घेतात तेव्हा प्रत्येक शीलाला 'सिक्खापद' म्हणतात. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, असे एकेक सिक्खापद माणूस आपण होऊन स्वीकारतो. यात हिंदीचा अभ्यासक्रम नाही आणि मराठीचा दंडही नाही. स्वतः स्वतःला लावून घेतलेले वळण, ही शिक्षा. इथून जवळच महूला १८९१ साली बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. १९५६ मध्ये नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो मराठी घरांत हा पाली शब्द रोजच्या वंदनेत आला. मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी शिक्षा हा शब्द दंडाशिवाय आणखी एका अर्थाने नांदतो, तो त्या घरांत.

गणेशोत्सवात टिळकांचे नाव निघणारच, आणि या विषयात तर ते टाळता येत नाही. टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात होते, तेव्हा दोघेही पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलचे शिक्षक होते. शिक्षकांनाच शिक्षा झाली! आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिले. पुढे १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवले. तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. ते १९१५ मध्ये छापून निघाले. इंग्रजांच्या न्यायालयाने दिली ती मराठी अर्थाची शिक्षा होती. टिळकांनी तिचे काय केले, ते आपल्या घराघरातल्या फडताळात आहे.

आता आपल्या घरात येऊ. इतका वेळ वेद, पाणिनी आणि मंडाले करून आलो ते खरे म्हणजे इथे येण्यासाठी.

संस्कृत 'शिक्षा' मराठीत दंड झाली, पण 'शिक्ष्' धातू मराठीतून गेला नाही. प्राकृतात त्याचे 'सिक्ख' झाले आणि मराठीत 'शिकणे'. मूळच्या 'सि' चा मराठीत 'शि' होतो : हिंदीत सींग, मराठीत शिंग, हिंदीत सीखना, मराठीत शिकणे. शिकवणे, शिकवण, शिकवणी, शिकाऊ, हे सगळे कुटुंब सुखरूप आहे. (शिकस्त मात्र यातले नव्हे. तो फारसी शब्द. मूळ अर्थ पराभव. आपण मात्र प्रयत्नांची शिकस्त करतो!) विद्वानांचा तत्सम शब्द न्यायालयात गेला, आणि बायामाणसांच्या तोंडचा तद्भव शब्द शाळेत आणि स्वयंपाकघरात राहिला. पोळी लाटायला 'शिकतात'. पोहायला 'शिकतात'. आणि बोलायला 'शिकतात'.

बोलायला शिकण्यापाशी आपली खरी अडचण आहे. इंदुरातली आपली मुले हिंदीत शिकतात, खेळतात, भांडतात, स्वप्नेही बहुधा हिंदीतच पाहतात. मराठी उरते ती आजीशी बोलायला. मग नातू विचारतो, "आजी, माझी पुस्तक कुठे आहे?" हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे, म्हणून त्याने 'माझी' म्हटले. किंवा फोनवर सांगतो, "मी जेवण करून राहिलो आहे." 'कर रहा हूँ' चे हे सरळ रूपांतर. किंवा 'बाळ' चे 'बाल' आणि 'केळी' ची 'केली' करतो. तेवढ्यात महाराष्ट्रातून आलेले कोणी पाहुणे हसतात. कोणी म्हणतो, "हे कसले रे तुमचे मराठी!" कोणी त्याची नक्कल करून चार माणसांत पुन्हा म्हणून दाखवतो. प्रेमानेच दाखवतो, त्यात दुष्टावा नसतो. पण आठ वर्षांच्या मुलाला प्रेमाची नक्कल आणि चेष्टेची नक्कल यांतला फरक कळत नाही. पुढच्या वेळी आजी मराठीत विचारते आणि तो हिंदीत उत्तर देतो. हिंदीत त्याला कोणी हसत नाही. चूक एका लिंगाची होती. सोडून दिली गेली ती भाषा.

असे झाले की मराठी ही मुलांच्या लेखी मराठी अर्थाची शिक्षा होते. दर रविवारी भोगायची, पाहुणे आले की भोगायची, पाठांतर स्पर्धेत भोगायची. आपल्याकडच्या स्पर्धांत परीक्षकाच्या कागदावर उच्चारांचा रकाना असतो आणि त्यात गुण कापले जातात. कापण्याला आमची हरकत नाही. पण कापल्यानंतर त्या मुलाला व्यासपीठावरच, टाळ्यांच्या आधी, तो शब्द पुन्हा एकदा म्हणायला मिळाला तर? किंवा परीक्षकांनी निकालाऐवजी आधी पाच मिनिटे मुलांबरोबर बसून तो शब्द म्हणून घेतला तर? बेडकांच्या सूक्तातला शाक्त एकदा बोलतो, आणि मग शिक्षमाण बोलतात, पुन्हा पुन्हा बोलतात. गुण कोणी कापत नाही.

याचा अर्थ चुका चालू द्याव्या असा कोणी करू नये. आमचे मत उलट आहे. 'माझे पुस्तक' मधले नपुंसकलिंग ही मराठीची जुनी ठेव आहे, हिंदीने ती कधीच सोडून दिली. 'ळ' ही तर त्याहून जुनी. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेत, दुसऱ्याच शब्दात ळ आहे. पुढे संस्कृतात तो लोपला, मराठीने जपला. आणि ज्या मातीत आपण राहतो तिला तो परका नाही. माळवी बोलीत ळ आहे, शाळेतल्या हिंदीत नाही, एवढेच. माळव्यात राहून ळ हरवणे म्हणजे घर सांभाळून अंगण गमावणे. तेव्हा पिल्लू खाली पडू द्यायचे नाही. आणि त्याला दात लागू द्यायचे नाहीत. वाघिणीला दोन्ही जमते.

ळ शिकवायला अवघड नाही. शिक्षाग्रंथांची रीत अशी की वर्ण सांगायचा तो तोंडातली जागा दाखवून. 'ट' म्हणायला जिभेचे टोक जिथे वर वळून टाळूला लागते, तिथेच न्यायचे. पण ट सारखे दाबून न धरता श्वास जिभेच्या दोन्ही कडांनी जाऊ द्यायचा आणि टोक पुढे झटकायचे. आरशासमोर दहा वेळा केले की येतो. सरावाला शब्दही शोधायला नकोत. उद्या मंडळात एकवीस मोदकांचा नैवेद्य आहे, उकड काढायला बालमित्रांनाही सकाळी नऊला बोलावले आहे. कोणते सामान पुढे ठेवायचे ते त्यांनीच मोठ्याने सांगावे : तांदूळ, गूळ, नारळ.